क्रांतीचा पहिला जबाब

क्रांती पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आली तेव्हा तिनं पदर ओढून चेहऱ्याची डावी बाजू झाकली होती. खुर्चीही अशी वळवून घेतली की उजवाच गाल माझ्याकडे राहील. मी कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात विधी सेवेच्या टेबलावर बसते. मी वकील नाही, स्वयंसेवक आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून हे काम धरलं. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, कुठला कागद कुठं मिळतो ते सांगायचं.

"मॅडम, तेजाब पडलेल्या बायकांना सरकार मदत देतंय म्हणं."

"पडलेलं की कुणी टाकलेलं?" मी सवयीनं विचारलं. नियमात तोच फरक असतो.

"टाकलेलं हाय," ती म्हणाली. "पर कागदावर पडलेलं हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. हुपरीत तिचं सासर. पुढच्या खोलीत चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं. सासू चिमणाबाई, नवरा जोतीराम, धाकटा दीर सम्राट आणि ती, चौघांचेही हात त्यातच. सराफाकडून चांदी वजन करून यायची आणि पैंजण होऊन परत जायची. क्रांती लग्न होऊन आली तेव्हापासून, चौदा वर्षं, कड्या जोडायची आणि सांधे झाळून डाग द्यायची. तिनं जोडलेली कडी नखानं चाचपली तरी सांधा लागत नसे.

सम्राट सराफाच्या चांदीतली थोडी काढून त्यात तांबं मिसळतोय, हे तिला डाग देतानाच कळलं. धातूचा रंग वेगळा पडायला लागला होता. तिनं नवऱ्याला सांगितलं. जोतीराम म्हणाला, "तू गप बस. मी बोलतो त्याच्याशी." तो बोलला नाही. जोतीराम कुणाशीच काही बोलत नसे.

मग मार्चातल्या एका दुपारी तिनं दिराला तोंडावर सांगितलं, "भावजी, ह्याला मी डाग देणार न्हाय. सराफाला टंच काढून चांदीचा कस कळतोय. उद्या आपल्या घराला चांदी कोण देणार न्हाय."

पैंजण उजळायला तेजाबाची वाटी शेजारीच होती. "लई शानी झालीस," म्हणत सम्राटनं ती उचलून भिरकावली. चिमणाबाई दारातच उभ्या होत्या.

कोल्हापूरला गाडीतून नेताना चिमणाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन सगळ्या वाटेत कळशीतलं पाणी तिच्या तोंडावर ओतत राहिल्या. आणि कानाशी एकच बोलत राहिल्या, "सांडलं म्हण पोरी. हातातनं सांडलं म्हण. तुझी पोरगी माझ्या घरात हाय. दुसरं काय बोललीस तर घर ऱ्हात न्हाय."

दवाखान्यात हवालदार आला. त्यानं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा सासू उशाशी होती. क्रांती म्हणाली, "सांडलं." त्यानं ते लिहिलं, वाचून दाखवलं, खाली तिची सही घेतली.

त्यानंतर सात महिने ती मागच्या खोलीत होती आणि पुढच्या खोलीत सम्राटची हातोडी वाजत होती. डावी पापणी आक्रसून वर गेली होती. तो डोळा मिटत नव्हता. झोपताना ती त्यावर ओलं फडकं बांधायची. ऑपरेशनचा विषय निघाला की जोतीराम "बघू" म्हणायचा. पाहुणे आले की सम्राट सगळ्यांदेखत विचारायचा, "वहिनी, आता बरं हाय न्हवं?" आणि तिला "व्हय" म्हणावं लागायचं.

हेही तिनं सोसलं असतं. पण एक दिवस आठ वर्षांची मोना म्हणाली, "आई, तू नीट बघून काम करायला पायजे होतंस." घरानं पोरीला तसंच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी डोळा दाखवायला म्हणून क्रांती एसटीत बसली आणि माझ्याकडे आली.

मी तिला सरकारी मदतीची मनोधैर्य योजना समजावली. गुन्हा नोंद हवा, दवाखान्याचे कागद हवेत, मग विधी सेवा प्राधिकरणापुढं अर्ज जातो. नंतर माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तुम्हीच सही करून दिलंय ना, की सांडलं म्हणून. अवघड आहे." ते वाक्य मला अजून बोचतं.

"म्हंजे मीच आतनं कडी लावून घेतली," ती म्हणाली. मग विचारलं, "खरं बोलायचं म्हटलं तर त्या घरात बसून कसं बोलू? ऱ्हायला कुठं मिळंल?"

मी अडचणीतल्या बायकांसाठी असलेल्या सरकारी सखी केंद्राचं सांगितलं. तिथं पाच दिवस राहता येतं.

"आनि सहाव्या दिवशी?"

ती चारच्या गाडीनं परत गेली.

तीन आठवडे ती आली नाही. मग आली ती दवाखान्याच्या कागदांची पिशवी घेऊन. मी एकेक कागद वाचून मराठीत सांगत होते. चेहरा, मान, डावा खांदा. तिनं मध्येच थांबवलं.

"हाताचं काय लिवलंय?"

मी पुन्हा बघितलं. डॉक्टरांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात नोंद केली होती, दोन्ही हातांना इजा नाही.

तिनं पदर सोडला, दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. "मॅडम, चौदा वर्षं मी ह्या तेजाबाशेजारी बसतोय. हातातली वाटी सांडली तर आधी बोटं जळत्यात. मग मांडी, मग पाय. वाटी माझ्या हातात हुती, तर माझी बोटं का जळली न्हाईत?"

कड्या जोडून जोडून बोटांची टोकं टणक झाली होती. भाजल्याचा डाग एकही नव्हता.

तिचं बोलणं मी जसंच्या तसं अर्जात उतरवलं. प्राधिकरणानं तिला अभिराम नावाचा वकील दिला. फी नव्हती. त्यानं दवाखान्याची नोंद पुढं ठेवली, क्रांतीनं न्यायाधीशांसमोर नवा जबाब दिला, गुन्हा नोंद झाला आणि सम्राटला अटक झाली.

त्या संध्याकाळी हुपरीला जाणं शक्यच नव्हतं. ती जयसिंगपूरला भावाकडे गेली. पंधरा दिवसांनी भाऊ, अमरसिंह, जेवताना म्हणाला, "आक्का, पुढचं काय ठरवलंयस?" त्यानं वाईट आवाजात विचारलं नव्हतं, पण तिला कळलं. शिवाय मोना सासरीच होती. सासरचे पोरीला सोडत नव्हते, आणि पोरीला टाकून ती राहू शकत नव्हती. ती आपल्या पायांनी परत त्याच घरात गेली. चिमणाबाईंनी मागच्या खोलीत एक शेगडी आणून ठेवली होती. "तुझी चूल येगळी," एवढंच त्या म्हणाल्या. जोतीराम आईकडे जेवायचा आणि झोपायला मागच्या खोलीत यायचा. बोलत तो आधीही नव्हता.

मोनाला तिनं खरं सांगितलं. त्या रात्री आईच्या डोळ्यावरचं फडकं पोरीनं स्वतः ओलं करून आणलं.

दोन महिन्यांनी सम्राट जामिनावर सुटला. हुपरीत पाय ठेवायचा नाही, अशी अट होती, म्हणून तो उचगावला मावशीकडे राहिला. तो घरात नव्हता, तरी घर त्याचंच होतं. गल्लीतल्या बायका क्रांतीशी बोलेनाशा झाल्या. "हिनं घरचं दाराबाहेर नेलं," असं म्हणायच्या.

मदत मंजूर झाली. मोठा भाग दहा वर्षांच्या ठेवीत गेला, उरलेल्यात पापणीचं ऑपरेशन झालं. आता तो डोळा मिटतो. ठेव सुटेपर्यंत मोना एकोणीस वर्षांची होईल. क्रांतीनं तो कागद माझ्यासमोर दोनदा वाचला. साक्ष फिरवली तर मदत परत घेतली जाऊ शकते, हेही मी तिला सांगितलं.

हे चिमणाबाईंच्या कानावर कुणीतरी घातलं असावं. एक दिवस त्या एकट्याच माझ्या टेबलापाशी आल्या. नऊवारीच्या ओच्यातून पुरचुंडी काढली, सोडली. आत दोन पाटल्या होत्या.

"हे घ्या. सरकारचं सरकारला द्या. माझं पोरगं मला द्या."

"असं होत नाही, आजी."

"का होत न्हाय? पैसे परत केले तर केस मिटती म्हणत्यात."

मी विचारलं, "आजी, तुम्ही दारात होता ना?"

त्यांनी पाटल्या पुन्हा बांधायला घेतल्या. गाठ बसेना. "आई हाय मी त्याची," त्या म्हणाल्या. जाताना थांबल्या. "तिच्या तोंडावर पाणी मीच वतलं की. ते कुणी लिवलं न्हाय."

खटला उभा राहिला तेव्हा मी मागच्या बाकावर होते. सम्राटच्या वकिलांनी पहिला जबाब क्रांतीपुढं धरला.

"ही सही तुमचीच?"

"माझीच."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तवा," ती म्हणाली. "तवा खोटं बोललो. पोरगी त्यांच्याकडं हुती."

वकिलांनी हेच तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तिनं तिन्ही वेळा तेवढंच सांगितलं. एकदा मध्येच पाणी मागून घेतलं. संध्याकाळी ती हुपरीच्या गाडीत बसली, आणि चिमणाबाईही त्याच गाडीत होत्या. एक पुढं, एक मागं. उतरून दोघी एकाच दारानं आत गेल्या.

निकाल अजून लागलेला नाही. मागच्या आठवड्यात चिमणाबाईंच्या नावाचं समन्स आलं. त्यांना वाचता येत नाही आणि जोतीराम घरात नव्हता. त्या कागद घेऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. क्रांतीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. तारीख, वेळ, कोर्ट, साक्षीदार म्हणून हजर राहायचं.

"काय सांगू मी?" चिमणाबाईंनी विचारलं.

"मला इचारू नका, आत्ती," क्रांती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली.