लख्ख बरणी

लख्खबाई हे नाव तिला प्रयोगशाळेनंच दिलं. अन्न टिकवायचे उपाय शोधणारी ती प्रयोगशाळा, आणि हिचं काम तिथल्या बाटल्या-बशा घासून, वाफेवर उकळून ठेवायचं. तिच्या हातून गेलेल्या काचेवर जंतूला उभं राहायची सोय नसे. भावजयीकडे गेली तरी आधी भांड्यावर बोट फिरवी, मग पाणी पिई.

"आईची बरणी कधी धुतेस गं? की तिलाही तुझ्यासारखीच पाण्याची भीती?" असं पाहुण्यांसमोर विचारी. भावजय मान खाली घालून कप विसळत राही.

बरणी मीठपाण्यातल्या भाज्यांची. आईनं ती जन्मात घासली नाही; तळाचं आंबट पाणी राखून त्यावरच नव्या भाज्या भरायची. कधी नासल्या नाहीत. भावजयीनंही तेच चालवलं. एकदा लख्खबाईनं त्यातलं वाटीभर पाणी प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंना नेऊन दिलं आणि त्यांना घबाड सापडलं. त्यात एक जंतू होता. माणसाच्या पोटाला मानवणारा, पण असा रस सोडणारा की अन्न नासवणारे जंतू पटापट मरावेत.

"आणि नात्यातल्यांना आधी मारतो," बाई म्हणाल्या.

"मग आमच्याच घरचा," लख्खबाई म्हणाली.

त्या रसानं चीज टिकवायचा प्रकल्प उभा राहिला आणि रोजंदारीवरच्या लख्खबाईला त्यात महिन्याच्या पगाराची जागा मिळाली. भावजयीला तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नाही, मिरवली असती. आणि बरणीचं मोल कळूनही जिभेची खोड गेली नाही ती नाहीच.

पुढे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवताना जंतूचं बळ गेलं. खात होता, वाढत होता. मारायचं तेवढं विसरला.

"मूळ बरणीतलं चमचाभर आणा," बाई म्हणाल्या. "नाहीतर प्रकल्प बंद. मग तुमचीही जागा राहत नाही."

लख्खबाईनं भावजयीला फोन केला. "आईची बरणी हवीय. उद्या न्यायला येते." कशाला, ते बोलली नाही. गरज दाखवली की मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी बरणी ओट्यावर पालथी घातलेली.

"हे काय?"

"उकळत्या पाण्यानं धुतली, वन्सं. सोडा लावून, आत हात घालून घासली. फिरवा बोट."

"आतलं पाणी?"

"मोरीत. म्हटलं, निदान देताना तरी तुम्हाला नावं ठेवायला जागा नको."

लख्खबाईनं बरणी उचलून आत नाक घातलं. "अगं, माझी नोकरी होती त्यात."

भावजयीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. हात पुसले.

"मग सांगायचं होतं ना. चहा टाकू? कप धुतलेला आहे."

तरीही लख्खबाईनं बरणी छातीशी धरून प्रयोगशाळेत नेली. बाईंनी आतून कापूस फिरवला, बशीवर ओढला, बशी उबेत ठेवली. काही दिवसांनी उजेडात धरून पाहिली.

"एकसुद्धा नाही. धुणारीचा हात मात्र तुमच्यापेक्षा चोख." बशी बेसिनकडे सरकवून म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत आहातच. ही धुऊन ठेवा."

लख्खबाईनं धुतली. मग खिडकीशी जाऊन, कुठे एखादा डाग तरी राहिलाय का, ते बराच वेळ बघत राहिली.