राब भाजलेली डिस्क

साखरशेतच्या रविनाने घरच्या संगणकावर आजवर सात वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम चालवून पाहिल्या. आकडा मला पक्का माहीत आहे, कारण तो संगणक मूळचा आमच्या वाचनालयाचा, आणि प्रत्येकीची खबर ती पुस्तक बदलायला आली की मला देते. जव्हारच्या त्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. नवा संगणक आला तेव्हा जुना भंगारात काढण्याचा ठराव झाला. त्या दिवशी पुस्तक बदलायला आलेल्या रविनाने विचारलं, "सर, मी नेऊ का?" भंगार कोणाला द्यायचं याबद्दल ठराव गप्प होता, म्हणून मीही गप्प राहिलो. तिचा नवरा कमलेश जव्हार-मोखाडा जीप चालवतो. त्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर मॉनिटर मांडीवर घेऊन ती गेली. वाटेत दोन प्रवाशांनी त्याच्या काळ्या काचेत भांग नीट करून घेतला, असं कमलेश सांगतो.

रविना बारावी झालेली. लग्नाआधी दोन वर्षं भिवंडीच्या एका गोदामात मालाच्या चिठ्ठ्या टाईप करायची. तिथे ती दोन गोष्टी शिकली, टायपिंग आणि हिंदीतून भांडणं. दोन्हींचा उपयोग तिला गावात फारसा झाला नव्हता. आता टायपिंगचा होऊ लागला, पण संगणक म्हातारा. बटण दाबून ती चूल पेटवायची, चहा करायची, कोंबड्या सोडायची, आणि परत येईतो पडद्यावर एखादं चित्र उमटलेलं असायचं. दोष कोणा कंपनीचा नाही, वयाचा होता. मला तो समजतो.

मग मोबाईलवर कुणाच्या तरी हिंदी व्हिडिओत तिला कळलं, की संगणकाला जागं करून कामाला लावणारी ही जी व्यवस्था असते, तिला पर्याय आहेत. लिनक्स नावाच्या कुळातले, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेले आणि फुकट. पेनड्राइव्हवर घ्यायचे, संगणक त्यावरून सुरू करायचा, आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही. पावसाळाभर तिचा तोच उद्योग. एक सुंदर होती पण जड. एक हलकी होती, पण तिच्यात मराठी अक्षरांचे पाय तुटायचे. एकीचं नाव पपी, म्हणजे पिल्लू. ती एवढ्याशा जागेत मावायची आणि पटकन उठायची. सासूबाई, चैती, ओट्यावर बसून हे बघायच्या. "रोज नवी सून आणतेस काय गं त्या डब्यात?" त्यांनी विचारलं. "एक तरी नांदव."

नांदवायची घाई रविनालाही होती, आणि त्याचं कारण चैतीच होत्या. डोंगरावर त्यांचा नागलीचा, म्हणजे नाचणीचा, तुकडा आहे. जंगलातल्या अशा तुकड्याला इथे प्लॉट म्हणतात. चैती आणि त्यांचा नवरा तो वर्षानुवर्षं कसत आले. नवरा गेल्यावर चैती एकट्या. वनहक्क कायद्याने तो त्यांच्या नावावर होऊ शकतो, पण २००५ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा लागतो. दावा पुराव्याअभावी परत आला होता. गावातल्या जाणत्या माणसाचा जबाब जोडा, असा शेरा होता. जाणतं माणूस घरातच होतं, चैतींचे थोरले दीर ढवळूबाबा. त्यांनी कमलेशच्या मोबाईलसमोर बसून हद्द सांगितली. कधीपासून, याला त्यांनी साल सांगितलं नाही. "कमलेश रांगत होता तेव्हा पहिली नागली काढली" एवढंच म्हणाले. कमलेशच्या शाळेच्या दाखल्यावरून साल निघत होतं. रविनाने व्हिडिओ संगणकात घेतला, मोबाईल भरला होता म्हणून तिथला पुसला, आणि ऐकून ऐकून टाईप करायचं ठरवलं. माघात ढवळूबाबा गेले. जबाब तेवढा मागे राहिला.

फाल्गुनात तिला मनासारखी सिस्टिम सापडली आणि ती तिने कायमची बसवायला घेतली. त्याच आठवड्यात घरच्यांनी राब भाजला होता. आमच्याकडे नागली किंवा भात पेरायच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात. तण मरतं, जमीन मोकळी होते, मग पेरणी. पडद्यावर प्रश्न आला: जुन्याच्या शेजारी बसवू, की सगळी डिस्क साफ करून बसवू? रविनाला यात विचारण्यासारखं काय आहे हेच कळेना. तिने साफ करायला सांगितलं.

"तण ठेवून वर पेरतं का कोणी, सर?" ती नंतर मला म्हणाली. "आणि दाणे तर घरात कणगीत असतात. शेत भाजलं म्हणून कणगी थोडीच जळते?"

तिच्या हिशेबी कागद, फोटो, व्हिडिओ ही कणगी. ती वेगळीकडे असणारच. या संगणकात शेत आणि कणगी एकाच डिस्कवर होती. शहरातला माणूसही ही चूक करतो, पण आळसाने. रविनाने ती चांगल्या शेतकऱ्याच्या सवयीने केली.

नवी सिस्टिम अर्ध्या मिनिटात उघडली. ती जरा वेळ खूश होती. मग तिने ढवळूबाबांना शोधायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने ती वाचनालयात आली. आधी मुदत संपलेलं पुस्तक परत केलं, मग बाकावर बसून सगळं सांगितलं. सुनावणी पंधरा दिवसांवर होती. सासूबाईंना सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं. चैती म्हणाल्या होत्या, "राब भाजताना घर पेटला तर आधी पानी आनतात. रडायचा मंग."

पाणी कुठून आणायचं हे मला ठाऊक नव्हतं. माझं संगणकाचं ज्ञान पुस्तकांच्या यादीपुरतं. पण अशा सिस्टिम वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गप्पांचा कट्टा असतो. रविनाने तिथे गोदामातली हिंदी आणि बारावीतली इंग्रजी मिसळून आपली कथा लिहिली. उत्तर तासाभरात आलं, कुठल्याशा बर्फाळ देशातल्या बाईंकडून. संगणक ताबडतोब बंद करा. आतल्या डिस्कवरून पुन्हा चालू करू नका, तिच्यावर एक अक्षरही लिहू नका. पुसलेलं लगेच जात नाही. त्यावर नवं लिहिलं की जातं. पेनड्राइव्हवरून सुरू करा, अमुक प्रोग्रॅम चालवा, सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढा.

पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला पपी होतीच. दुसरी डिस्क वाचनालयाची होती. ती बाहेर न्यायला कार्यकारिणीची परवानगी लागते; कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांनी होती. मी डिस्क पिशवीत घातली आणि कमलेशच्या जीपमध्ये बसलो.

सकाळी सुरू केलेलं काम दुपार उलटली तरी चालूच होतं. वीज दोनदा गेली. सापडलेल्या फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे, आणि होत्या चौदा हजार. त्यात प्रथम आमचं वाचनालय उगवलं: दिवाळीच्या शुभेच्छांची तीनशे चित्रं, रद्द झालेल्या व्याख्यानांच्या पत्रिका, आणि मी अकरा वर्षांपूर्वी लिहून पुसलेली राजीनाम्याची तीन पत्रं. रविनाने ती वाचली नाहीत, किंवा वाचली नाहीत असं दाखवलं. तिचे मी आभार मानतो. चैती मात्र एकेक चित्र उघडलं की विचारत होत्या, "ह्यो कोन?" आणि आम्ही सांगत होतो, हे आमचे माजी अध्यक्ष.

व्हिडिओंच्या रांगेत एकतिसावी फाईल उघडली, आणि ढवळूबाबा खाकरले. चित्र मधेच चौकोनांत फुटत होतं, आवाज अखंड होता. चैती उठून आत गेल्या. भांडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा हातात सगळ्यांसाठी नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. मला दोन भाकऱ्या दिल्या. आमच्या डोंगरात आभार शब्द कोणी वापरत नाही, वाढतात.

त्या बर्फाळ देशातल्या बाईंना वाढायचं कसं, हा प्रश्न उरला. सिस्टिम बनवणाऱ्यांनी ती फुकट दिली आणि ती बाईही काही घेत नाही, हे ऐकून चैतींना चैन पडेना. शेजारीण आपल्या आवणीला आली, तर भात लावायला आपण तिच्या शेतात जायचं असतं. नुसतं 'आली बिचारी' म्हणून भागत नाही. रविनाने कट्ट्यावर तसं विचारलं. कळलं, की या सिस्टिममधल्या पुष्कळ वाक्यांचं मराठी व्हायचं बाकी आहे. ज्याला येतं त्याने करावं. तेव्हापासून दुपारी तासभर ती तेच करते. पहिलं वाक्य तिने डिस्क साफ करण्याबद्दलचं घेतलं. जवळ शब्दकोश असूनही तिने तो उघडला नाही. लिहिलं: 'या संगणकात आधीचं जे काही आहे ते सगळं जाईल. तुमचे फोटो आणि कागदही.' तपासणाऱ्याने लांबी जास्त होते अशी तक्रार केली. भिवंडीतली भांडणाची हिंदी इथे प्रथमच कामी आली. वाक्य तसंच राहिलं.

सुनावणीत जबाब टाईप केलेला होता, व्हिडिओही दाखवला. तो दाखल करून घेतला आणि जागेची पुन्हा मोजणी करायचं ठरलं. मोजणीच्या दिवशी मीही डोंगर चढलो. मोजणारे हातात यंत्र घेऊन पुढे, चैती कोयता घेऊन मागे, आणि रविनाच्या मोबाईलवर ढवळूबाबा. त्यांनी सांगितलं तसं सगळे ऐनाच्या झाडापासून ओहोळाकडे उतरले. मधे मोठा धोंडा, असं बाबा म्हणाले. तिथे नुसती कारवी माजली होती. धोंडा दिसत नाही, असं मोजणाऱ्यांनी सरळ सांगितलं, आणि ते वरूनच रेघ मारायला निघाले. तसं झालं असतं तर खालचा निम्मा प्लॉट गेला असता.

"थांबा जरा, साहेब," चैती म्हणाल्या, आणि कारवीत शिरल्या.

दहा मिनिटं नुसता कोयत्याचा आवाज येत होता. मग त्यांनी हाक मारली. धोंडा कमरेएवढा होता. त्याच्या पाठीवर त्यांच्या नवऱ्याने कोयत्याला धार लावून लावून पाडलेली गुळगुळीत खळगी होती. मोजणाऱ्यांनी खळगीवरचा पाला बोटाने काढला, यंत्र तिथेच ठेवलं आणि आकडे लिहून घेतले.

कागद वर गेलेला आहे, अजून यायचा आहे. पण हद्द धोंड्यापर्यंत लागली. उतरताना चैतींनी रविनाला बजावलं, की त्या बाईला आधी कळव, धोंडा सापडला म्हणून. रविनाने घरी पोचताच कळवलं. धोंडा कोणता आणि तो संगणकात कुठे असतो, अशी बाईंची दोनदा विचारणा आली. तिसऱ्यांदा रविनाने चैतींचा फोटो पाठवला, धोंड्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या.