उसने आणलेले जंतू

गल्लीत त्यांना 'निर्जंतुक काका' म्हणत, अर्थात पाठीमागे. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफवून काढली होती. निवृत्तीनंतर माणसं देवाच्या नादी लागतात, काका माशाच्या लागले, तेही आपखुशीने नव्हे. मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि जाताना काचेची टाकी, नऊ वर्षांचा सोनेरी मासा व दोन पानी सूचना मागे ठेवून गेली.

सूचनांतला एक परिच्छेद काकांच्या गळी उतरेना. फिल्टरमधल्या स्पंजात म्हणे उपकारी जंतू राहतात. माशाच्या घाणीचं विष तेच पचवतात. स्पंज धुवायचा तर टाकीतल्याच पाण्यात, नळाखाली नाही. बदलायचा तर नवा महिनाभर जुन्याला चिकटून ठेवायचा, म्हणजे जंतू तिकडे बिऱ्हाड करतात. हयातभर ज्यांचा निर्वंश केला, त्यांचीच आता सोय लावायची! पण लेकीचा शब्द. जुना स्पंज विरत चालला, तेव्हा काकांनी मुकाट्याने नवा त्याच्या शेजारी बसवला.

दहाव्या दिवशी ते बाहेर गेले असताना काकूंनी दोन्ही स्पंज काढले, वीस मिनिटं खळखळा उकळले आणि पुन्हा जागच्या जागी बसवले.

"अगं, काय केलंस हे!"

"काय केलं म्हणजे? काळाकुट्ट झाला होता तो. आणि उकळायला शिकवलं कुणी? माझ्या माहेरची माणसं जेवून गेली की चमचे उकळायला लावायचात."

मासा तिसऱ्या दिवशी वर येऊन धापा टाकू लागला. काकांनी त्याचं खाणं बंद केलं, टाकीतलं थोडं पाणी काढून रोज क्लोरीन उडालेलं शिळं पाणी घातलं. पण धाप काही कमी होईना. लेक पंधरा दिवसांनी यायची होती.

जंतू उसने आणायचे, तर आसपास दुसरी टाकी एकच, न्हाव्याच्या दुकानात. तिला काकांनी भर गिऱ्हाइकांत 'गटार' म्हटलं होतं आणि तेव्हापासून दाढी घरीच करत होते.

"या काका! वाट चुकलात?"

"जरा... तुमच्या फिल्टरमधला स्पंज हवा होता. थोडासा."

"गटारातला?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडाला साबण असूनही हसलं. काकांनी टाकीकडे पाहिलं. पाणी गढूळ, पण सगळे मासे टुणटुणीत.

"चुकलं माझं. मासा जाईल हो, पोरीचा आहे."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला, हात धुतले आणि स्पंज काढून केसांच्याच कात्रीने मधोमध कापला. "अर्धाच देतो, माझ्यांनाही जगायचंय. पिळू नका, सुकवू नका. आणि काकूंना दाखवू नका!"

डब्यात टाकीचं पाणी, पाण्यात तो बुळबुळीत तुकडा. काका तो डबा भरल्या पेल्यासारखा सांभाळत घरी आले. काकूंनी नाक मुरडलं, पण फिल्टरचं झाकण त्यांनीच धरलं. मग दोघं रोज आळीपाळीने टाकीपाशी बसू लागले. एकदा काकूंनी विचारलं, "ते जंतू जिवंत आहेत हे कळणार कसं?" काका म्हणाले, "आयुष्यभर मेलेत का तेवढंच तपासलं गं."

पाचव्या दिवशी माशाची धाप थांबली आणि तो पोहत तळाशी गेला. काकांनी दोन दाणे टाकले. बराच वेळ काही झालं नाही. मग तो वळला आणि दोन्ही दाणे गिळले.

"खाल्लं त्यानं," काकू उठत म्हणाल्या, "आता तुम्हीही धड जेवा."