आमच्याविरुद्ध दोन ओळी लिहा

भिवंडीत निवडणूक जाहीर झाली की माझ्या दाराशी चपला वाढतात. बाकीच्या पत्रकारांकडे लोक जातात ते आपलं चार शब्दांत कौतुक छापून यावं म्हणून. माझ्याकडे येतात ते शिव्या मागायला. उमेदवार समोर पेढ्यांचा पुडा ठेवतो, हात जोडतो आणि म्हणतो, "साहेब, आमच्याविरुद्ध दोन ओळी लिहा."

याचं कारण माझं अख्खं आयुष्य. तरुणपणी मी मुंबईच्या एका दैनिकाचा इथला बातमीदार होतो. एका पुढाऱ्याच्या विराट सभेची बातमी मागवली होती. मी लिहून पाठवलं की गर्दी विराटच होती, पण सभा संपायच्या आत ती वडापावच्या टेम्पोकडे गेली. संपादकांनी मला घरी बसवलं. मग मी स्वतःचं चार पानी साप्ताहिक काढलं, आणि तिथे मला घरी बसवणारं कुणी उरलं नाही.

माझं मत साधं आहे. ज्याला सगळे चांगलं म्हणतात, ते कुणीच नीट पाहिलेलं नसतं. ज्याला सगळे वाईट म्हणतात, त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. उड्डाणपूल झाला तेव्हा गावभर फटाके वाजले आणि मी पुलाविरुद्ध लिहिलं. दोन पावसाळ्यांत त्यावर खड्डे पडले, लोक त्याला शिव्या देऊ लागले, तेव्हा मी लिहिलं की पुलाखाली निदान भाजीवाल्यांना सावली तरी मिळाली. वडप्याला भातशेती जाऊन गोदामं आली म्हणून सगळे हळहळत होते. मी म्हटलं, हळहळणाऱ्यांपैकी एकानंही कधी चिखलात उभं राहून लावणी केलेली नाही. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मूळचा खारबावचा. वडप्याला त्याचं गोदाम आहे. त्यानं तो लेख फ्रेम करून ऑफिसात लावला. पुढच्याच अंकात मी गोदामांच्या ट्रकांनी रस्त्यांची कशी चाळण केली ते लिहिलं. त्यानं फ्रेम उतरवली. खिळा अजून भिंतीत आहे.

आता गंमत अशी, की मी ज्याला झोडपलं तो निवडून येत गेला आणि ज्याची पाठ थोपटली तो आपटला. असं एकदा झालं, पुन्हा झालं, मग होतच गेलं. एका नव्या नगरसेवकानं तर विजयाची मिरवणूक माझ्या दारात थांबवून मला शाल-श्रीफळ दिलं. मी त्याला अंगठेबहाद्दर आणि गुत्तेदारांचा जावई म्हटलं होतं. त्यानं ते वाचलेलं नव्हतं. कुणीच वाचलेलं नव्हतं. इतकी वर्षं रक्त आटवून लिहिलेल्या माझ्या लेखांची या गावानं लिंबू-मिरची करून टाकली, आणि याचा मला राग येतो, अजूनही येतो.

हे सगळं बाहेर. घरात मी कायम सत्ताधारी बाकांवर बसतो. बायको मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिला विरोध करणारा माणूस शाळेतही नव्हता. गेल्या निवडणुकीत आमच्या प्रभागात महिलांसाठी जागा सुटली. आळीतल्या बायका येऊन तिला म्हणाल्या की बाई, तुम्हीच उभ्या राहा. मला हे कळलं ते जेवताना. "अर्ज भरून आले," ती म्हणाली. "अपक्ष. चिन्ह बहुतेक कपबशी मिळेल. तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, पण आधी आमटी संपवा."

मी आमटी संपवली.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा गाडी घेऊन दारात. बसलाही नाही. म्हणाला, "भावजी, तायच्या इरुद्ध लिवा. चांगला कडक लिवा. तुमी तिचा कवतिक केलाव तं ती पडलीच समजा." मी त्याला सांगितलं की मी अंगारा विकत नाही. तो म्हणाला की बहिणीसाठी एवढं तरी करायला पाहिजे. बहीण त्याची होती, पण लेख माझा होता, हे त्याच्या गळी काही उतरेना.

तो गेला आणि संध्याकाळी तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराचा माणूस आला. त्याच्या हातात मिठाईचा मोठा बॉक्स. म्हणाला, "सर, मॅडमबद्दल जरा चांगलं लिहा ना. इतने साल बच्चों को पढ़ाया, उनका हक बनता है." विरोधकाच्या तोंडून बायकोची एवढी स्तुती ऐकून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग बॉक्स परत दिला.

इकडे आड, तिकडे विहीर. वाईट लिहावं तर बायको जिंकावी म्हणून लिहिलं असं होणार. चांगलं लिहावं तर ती पडणार, आणि वर मी विकला गेलो असं होणार. काहीच लिहू नये म्हटलं तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं साप्ताहिक मुकं राहणार. मला ती जिंकायला हवी होती. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, कारण आमच्या धंद्यात ते सांगत नाहीत. शेवटी तिलाच विचारलं, काय करू? ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "बाकीच्यांचं करता तेच करा. चौकसभेला या आणि तुमचा तो प्रश्न विचारा."

माझा तो प्रश्न गावाला माहीत आहे. प्रत्येक उमेदवाराच्या एका चौकसभेला मी जातो, मागे उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो. उमेदवार त्याची तयारी करून येतात. मी तोंड उघडलं की टाळ्या वाजवायला माणसं पेरलेली असतात. पण बायकोला हे सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही तिनं केलं नव्हतं.

तिची सभा लूमच्या एका शेडसमोर होती. आत शिफ्ट चालू, त्यामुळे खडखडाटावर आवाज चढवून बोलावं लागत होतं. पण वर्गावर ओरडायची सवय तिला होतीच. तिनं रोज पाणी देण्याचं वचन दिलं. पुढाऱ्यांची ही वचनं मला तोंडपाठ होती. मी हात वर केला. विचारलं, "रोज पाणी देणार म्हणता, ते आणणार कुठून?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. मेव्हण्यानं डोळे मिटले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आत्ता तरी माहीत नाही. निवडून दिलंत तर शोधीन, नाही सापडलं तर याच जागी येऊन तसं सांगीन. आणि यांनी घरी गेल्यावर पुन्हा विचारलं, तरी हेच उत्तर मिळेल."

लोक पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना. इतक्या सभा पालथ्या घातल्या, पण 'मला माहीत नाही' हे शब्द एकाही उमेदवाराच्या तोंडून मी ऐकले नव्हते. उलट बाजू घ्यायला समोर काहीतरी दडवलेलं लागतं. इथे बाईंनी सगळं उघड्यावर मांडून ठेवलं होतं.

मी घडलं तसं लिहिलं. प्रश्न, उत्तर, लूमचा आवाज. ना शेरा, ना शेवटी टोमणा. अंक निघाला आणि गावात गोंधळ उडाला. ही स्तुती की टीका, कुणाला कळेना. दोन्ही बाजूंनी त्याच्या झेरॉक्स काढून वाटल्या: विरोधकांनी 'बाईंना काहीच माहीत नाही' म्हणून, आमच्यांनी 'बाई खरं बोलतात' म्हणून. मेव्हण्याचा फोन आला. "भावजी, खरा सांगा. या खिल्यावर लावाचा का न्हाय?" मी म्हटलं, तूच वाचून ठरव. तो रागावला.

ती पडली. फार नाही, पण पडली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो. चहावाला भैया, शेजारचा मेहता, आमच्या आळीतले दोघे निवृत्त क्लार्क, सगळ्यांचं आधीच एकमत झालेलं. बरं झालं पडल्या. एवढी सज्जन बाई, तिचं त्या घाणीत काय काम. जो होता है अच्छे के लिए होता है. सगळ्यांचं एकमत दिसलं की माझं डोकं जे करतं तेच त्यानं केलं. मी म्हणालो, "काही बरं झालं नाही. ती यायला हवी होती. तिच्याइतकं लायक माणूस या प्रभागानं पाहिलेलं नाही."

आणि बोलता बोलता लक्षात आलं, या वेळी मी उलटं बोलत नव्हतो.

सगळे हसायला लागले. क्लार्क म्हणाले, घ्या, यांचं उलटं सुरू झालं. भैयानं माझ्यापुढे कटिंग ठेवला आणि म्हणाला, "साहब, आज तो कम से कम घरवाली को छोड़ दो." जन्मभर उलट बोललो, त्यामुळे मनापासून बोललो तेव्हा एकाचाही विश्वास बसला नाही. मी चहा पिऊन घरी आलो.

टपरीवरची बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. मला वाईट वाटत होतं, ते मी तिला सांगितलं. म्हटलं, मी खरं बोललो, पण कुणालाच पटलं नाही.

"मला पटलं," ती म्हणाली. मग चष्मा पुसत म्हणाली, "पण आत्ताच छापू नका. मी परत उभी राहणार आहे."