औंधच्या चिलिंग सेंटरमधलं मॉडेम

पुण्याहून आलेल्या त्या सल्लागाराचा मला पहिल्या दिवसापासून तिटकारा होता आणि तो लपवायचे कष्टही मी फारसे घेतले नाहीत.

कराडच्या एका दूध संघात मी तेव्हा कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. विभागात माणूस म्हणजे मी एकटीच. अध्यक्षांनी या गृहस्थांना आणलं ते केवळ ते इंग्रजीत बोलायचे म्हणून. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही. त्यांनी गावोगावचं दूध गार करून ठेवणाऱ्या सगळ्या चिलिंग सेंटरांसाठी ओळखीच्या दुकानातून मॉडेमं उचलून आणली. फोनच्या तारेवरून एका कॉम्प्युटरचं दुसऱ्याशी बोलणं घडवून देणारी ही डबी. औंधला, कडेगावला सकाळी किती दूध जमलं ते तिच्यातून कराडला कळायचं, आणि त्या अंदाजानं टँकर सुटायचा, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. तोवर आकडे फोनवर ओरडून सांगितले जायचे आणि साठाचे आठ ऐकू यायचे.

पण आमच्या प्रोग्रामला ही मॉडेमं ओळखताच येईनात.

"सर, घेण्याआधी चालतात का ते बघितलं नव्हतं?" मी विचारलं.

"मॅडम, हे मॉडेल अनसपोर्टेड आहे. यात टेक्निकली काही करता येत नाही."

स्वतःच आणलेल्या वस्तूबद्दल इतक्या त्रयस्थपणे बोलायला कातडी जाड लागते. त्यांची होती.

तरीही उद्घाटन ठरलं. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, अध्यक्षांनी कळ दाबली. मॉडेमनं शिट्टी मारली आणि पडद्यावर औंधचे आकडे उमटले. टाळ्या पडल्या. औंधचा फोन सकाळपासून बंद होता. मी स्वतः लावून पाहिला होता. आणि पडद्यावरचे आकडे मागच्या आठवड्यातले होते, कारण ते मीच टाइप केले होते. सल्लागारांनी ते आधीच कराडच्या मशीनवर नेऊन ठेवले होते, एवढाच तो चमत्कार.

पाहुणे गेल्यावर मी अध्यक्षांना हे सांगितलं. ते म्हणाले, "असू दे की. कार्यक्रम तर झ्याक झाला."

दुसऱ्या दिवशी टँकर सोडणाऱ्या कारकुनानं पडद्यावर बघितलं. तेच जुने आकडे. त्या बिचाऱ्याला काय माहीत! त्यानं लहान टँकर धाडला. उन्हाळ्याचे दिवस. औंधला दूध भरपूर जमलं होतं, त्यातलं निम्मं टँकरमध्ये मावलंच नाही. त्यातच वीज गेली, आणि मागे राहिलेलं दूध नासलं. ते मागच्या ओढ्यात ओतावं लागलं. फोन सुरू झाल्यावर सेंटरच्या व्यवस्थापकांनी मला हे सांगितलं. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते ते. शिवी द्यायची नाही म्हणून मध्ये मध्ये थांबत होते.

सल्लागार म्हणाले, "हा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे, नेटवर्कचा नाही."

मी एसटीनं औंधला गेले.

सुभेदारांनी चहा मागवला आणि मॉडेमकडं बोट केलं. "आवं मॅडम, ह्यो पाव्हना नुसतं दिवं लावून बसलाय. बोलत कायच न्हाई."

आधी तर ते शिट्टीही मारेना. परदेशी मॉडेम; फोन उचलल्यावर त्याला त्याच्या देशातला आवाज ऐकू यायला हवा होता. आपल्या एक्स्चेंजचा घरघरता आवाज त्याला फोनचा वाटतच नव्हता, म्हणून ते लाइनच नाही असं सांगून गप्प बसायचं. मग त्याचं खरं नाव मी कॉम्प्युटरला सांगितलंच नाही. साधं, कुठलंही मॉडेम आहे असं निवडलं आणि सुरुवातीच्या आज्ञांची ओळ हातानं लिहिली: आवाजाची वाट बघू नको, सरळ नंबर फिरव, आणि वेग कमी ठेव. ज्यात काही करता येत नाही असं ऐकलं होतं, ते एवढंच होतं.

कराड लागलं. सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. "लागलं की वो!"

आणि तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. कधी लगेच, कधी आकडे निम्मे गेल्यावर. मी आज्ञा बदलत बसले, वेग आणखी उतरवला. शेवटी वैतागून नुसता रिसीव्हर कानाला लावला, तर आत एक बाई कुणाला तरी पापडाचं प्रमाण सांगत होती.

मी सुभेदारांकडं बघितलं. ते छताकडं बघायला लागले.

"ही कोण?"

"आपल्या संघाच्या संचालकसायबांचं घर हाय मागं," ते हळू म्हणाले. "तिकडं बी एक फोन जोडलाय. लय दिसांचा हाय."

सेंटरच्या खिडकीतून एक तार निघून पेरूच्या झाडावरून मागच्या घरात गेली होती. तिथं कुणी रिसीव्हर उचलला की आमचं तुटायचं. मी पक्कड मागितली. सुभेदार म्हणाले, "मी दिली असं सांगू नगा," आणि दिली.

तार तोडल्यावर आकडे एका दमात गेले. कराडच्या कारकुनानं ते फोनवर मला वाचून दाखवले आणि सगळे बरोबर निघाले. तेवढ्यात संचालक दारात आले.

"तार कुनी तोडली?"

"मी."

"इचारायचं तरी!"

"तार जोडताना तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

ते सुभेदारांना म्हणाले, "हिला कराडच्या गाडीत बसवून द्या." त्यांचं एकच बरं, ते खोटं बोलले नाहीत. अध्यक्षांकडं त्यांनी माझी तक्रार केली आणि तारेचंही स्वतःच सांगितलं.

त्यानंतर मी कडेगावला गेले आणि उरलेल्या सेंटरांनाही जाऊन तसंच बसवून दिलं. टँकर योग्य तेवढे सुटू लागले. वार्षिक सभेत सल्लागारांना शाल मिळाली. ती घेताना ते माझ्याकडं बघून हसले. मी हसले नाही.

परवा सांगलीत एका लग्नात ते दिसले. केस पिकलेत, आवाज तोच. पंगतीत शेजारच्यांना सांगत होते, "त्या भागात नेटवर्किंग आणलं ते आम्ही." मला त्यांनी ओळखलं नाही. माझं पान त्यांच्या समोरच मांडलं होतं. मी वाढप्याला सांगून ते दुसऱ्या ओळीत घेतलं आणि सावकाश, पोटभर जेवले.