फक्कीमामाची दोरी

मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारणाऱ्या शाळेच्या शिपायाला सगळे फक्कीमामा म्हणत. नव्या मुख्याध्यापकांनी त्याला मोजायला टेप आणून दिली, तर त्याने ती कपाटात ठेवून दिली. "माझी दोरी आहे की," म्हणाला. गाठी मारलेल्या त्या सुती दोरीवर वीस वर्षं धावपट्ट्या आखल्या जात होत्या.

शाळेचा इतिहास ऑफिसातल्या ढालींवरून वाचावा, असं खेळाचे सर म्हणत. तो पोरांच्या पाठींवरूनही वाचता आला असता. तेव्हा पत्र्याच्या दोन खोल्यांच्या असलेल्या या शाळेला पहिली ढाल मिळाली, ती मामा स्वतः कप्तान असताना. सोळाव्या वर्षी कप्तान झाल्या झाल्या त्याने आदल्या साली रिले हरलेल्या चौघांना पोरांच्या दोन रांगांमधून पळवलं आणि दोन्हीकडून ओल्या टॉवेलच्या गाठींनी झोडपलं. एकाचा कान फुटला; तो जन्माचा बहिरा झाला. पण त्याच वर्षी ढाल आली, आणि ढाल आल्यावर कान कोण मोजतो? या प्रकाराला 'गल्ली' नाव पडलं, आणि हरलं की गल्ली हे ठरूनच गेलं. मामालाही आतून त्याचा अभिमान होता.

यंदा रिलेत मामाचा नातू होता. पावसाळ्यात सायकलवरून पडून त्याचा खांदा मोडला होता, आत अजून सळई होती. तालुक्याच्या मैदानावर चौघं सगळ्यांच्या पुढे आले आणि बाद झाले. बॅटन वीस मीटरच्या पट्ट्यातच दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते. यांनी तिन्ही वेळा ती पट्ट्याबाहेर दिली होती. "आम्ही रोज देतो तिथेच दिली, पावलं मोजून," पोरं सांगत राहिली. सरांनी एकेकाच्या कानाखाली वाजवली आणि दुपारी शाळेच्या मैदानावर रांगा लावायला सांगितल्या.

रोज देतो तिथेच, हे मामाने ऐकलं. त्याने कपाटातली टेप काढली आणि आपणच आखलेला पट्टा मोजला. साडेएकवीस मीटर. ताणून ताणून दोरी लांबली होती.

टॉवेल बादलीत बुडत होते. मामा सरांपुढे जाऊन उभा राहिला.

"सर, पोरांची चूक नाही. पट्टा मीच चुकीचा आखला. नातवाच्या खांद्यात सळई आहे, त्याला सोडा."

"म्हणजे हरवलं तुम्ही."

"हो."

"मग मामा, पळा तुम्हीच. या चौघांनाही टॉवेल द्या रे."

कुणीतरी हसलं. मामाने टोपी काढून खिशात घातली. पोरं आपल्याला लागेल असं मारणार नाहीत, असं त्याला वाटलं होतं. ज्यांना त्याने नळाखाली धरून गुडघे धुऊन दिले, त्यांनीच पहिल्या गाठी घातल्या. पाठीवर, मानेवर, पोटऱ्यांवर. पळणं तिसऱ्या पावलालाच संपलं. एक गाठ तोंडावर बसली आणि पुढचा दात जिभेवर आला. तो थुंकून मामा चालत राहिला. कानात शिट्टी वाजत होती. पाय थांबला की मार वाढायचा, एवढं त्याला कळत होतं. शर्ट फाटून पाठीला चिकटला होता.

रांगेच्या टोकाला नातू होता. हा मारणार नाही, याच्यासाठीच तर आपण इथे आलो, या एका खात्रीवर मामाने उरलेली चार पावलं टाकली.

नातवाने धडक्या हाताने टॉवेल फिरवला. गाठ डोळ्याखाली बसली, हाड वाजलं आणि मामा गुडघ्यांवर आला. मामाने वर पाहिलं. पोराचा चेहरा रडवेला नव्हता, घाबरलेलाही नव्हता. शर्यत जिंकल्यावर असायला हवा होता तसा तो फुलला होता.

"उठा आजोबा," नातू म्हणाला.

मामाने आधारासाठी हात पुढे केला. नातवाने टॉवेल पुन्हा मागे नेला.