चार बाजूंचं लग्न

गिरीजपासून पापडीपर्यंत कुठल्याही गावच्या मांडवात गाणं अडलं की मला बोलावणं यायचं. बाकीच्या जुनी गाणी गायच्या, मी स्वतः रचलेली गायची, आणि दोन लग्नसराया उलटल्या की तीही जुनी म्हणून खपायची. म्हणून मुंबईचे रेकॉर्डवाले साहेब आमच्या वाडीत येऊन म्हणाले, "एक रेकॉर्ड काढू, दोन गाणी द्या," तेव्हा मी म्हटलं, "दोन रेकॉर्डी, चार गाणी, हळदीपासून पाठवणीपर्यंत. हळद लावून नवरी मांडवातच सोडायची काय?" शेजारणी म्हणाल्या, बाई अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली. म्हणेनात का!

माझा खरा जीव चौथ्या गाण्यात होता. पाठवणीचं ते गाणं मी लेकीच्या लग्नासाठी रचलं होतं. पण आमच्यात आईनं स्वतःच्या मुलीची पाठवणी गायची नसते. बाकीच्यांनी जुनीच पाठवणी गायली, आणि लेक माझं गाणं न ऐकताच नागपूरला सासरी गेली.

साहेब अखेर कबूल झाले. मी गावातल्या तिघी सोबत मुंबईला नेल्या. मी ओळ म्हणायची, त्यांनी झेलायची. तीन गाणी झकास उतरली. चौथ्यात मात्र तिघी मध्येच गप्प! साहेब काचेपलीकडून हात हलवतायत आणि या शांतपणे दाराकडे बघतायत. पाठवणी अर्धी झाली की नवरीची आई गाणाऱ्यांपुढे विड्यांचं ताट ठेवते, आणि ते आल्याशिवाय पुढची ओळ म्हणायची नाही, ही आमची रीत.

साहेब भडकले. "एक वाया गेली, कोरी तबकडी आता एकच उरलीय. हे गाणं राहू द्या."

"राहणार नाही," मी म्हटलं. "विडे मागवा."

विडे आले. ताट कोण ठेवणार म्हणून मी इकडेतिकडे बघू लागले, तर तिघींतली थोरली म्हणाली, "अगे बाय, नवरीची आय तूच ना?"

मी ताट ठेवलं. मग आईनं न गाण्याची रीत बाजूला सारून तिथंच उभी राहिले आणि गायले. आवाज जरासुद्धा हलला नाही. रडू आलं ते रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझल्यावर, आणि मी ते आवरलंही नाही.

लेक माहेरपणाला आली तेव्हा तिला चौथी बाजू ऐकवली. सुई थांबली तरी ती फोनोकडेच बघत होती.

"आई," ती म्हणाली, "माझ्या पाठवणीला ताट ठेवून तू आत निघून गेलीस. मला इतकी वर्षं वाटत होतं, तुला पाहुण्यांच्या जेवणाचीच काळजी होती."